पाऊस पडला कधी, ताप आला कधी

प्रश्न थोडक्यात असा. सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीलगतच्या एका गावातल्या शिक्षकांनी लिहिलंय की गेली चार-पाच वर्षं त्यांच्याकडे ताप वर्षभर हिंडतोय. लावणीनंतर एक लाट येते, दिवाळीच्या आगेमागे दुसरी आणि काजूच्या हंगामात तिसरी. गेल्या वर्षी गावातली दोन धडधाकट माणसं आठ-दहा दिवसांच्या तापाने गेली. ते विचारतात: हे हवामान बदलल्यामुळे होतंय का? की आमच्याच अस्वच्छतेमुळे? आणि आजच्या काळात तापाने माणूस मरतोच कसा?

सर, तुमच्या पत्रात एक ताप नाही, निदान तीन आहेत. तिघांचं हवामानाशी नातंही वेगळं. पहिल्याला चिखल लागतो, दुसऱ्याला साठलेलं पाणी आणि बेताची ऊब, तिसऱ्याला तर चक्क कोरडा पालापाचोळा. इथे बसून मी निदान करणार नाही, पण तीस-पस्तीस वर्षं तापाचे रुग्ण पाहिल्यावर कुठल्या महिन्यात कशाचा संशय आधी घ्यायचा एवढं कळतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नवा रुजू झालो तेव्हा तिथे निवृत्तीला आलेले एक आरोग्यसेवक होते. दवाखान्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते दोन रंगांनी लिहीत. तहसील कचेरीतून पावसाचा आकडा आणायचे आणि १०० मिलिमीटरच्या वर पडला की त्या तारखेला निळं वर्तुळ. तापाच्या रुग्णाचं नाव रजिस्टरात चढलं की 'ताप कधीपासून?' विचारून त्या तारखेला लाल टिंब. रुग्ण आला ती तारीख नव्हे, अंग तापलं ती. जुलै संपला की ते मला कॅलेंडरसमोर उभं करायचे. निळ्या वर्तुळानंतर आठवडाभर पान कोरं आणि मग आठव्या-दहाव्या दिवसापासून लाल टिंबांची रांग. "सायेब, पाऊस पडला की दिवस मोजायचे," एवढंच त्यांचं म्हणणं. साथरोगशास्त्रात याला मोठं नाव आहे, पण मी आजही तेच करतो.

आता पहिली लाट. लावणीनंतर आठ ते चौदा दिवसांनी अचानक थंडी वाजून ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, आणि चार-पाच दिवसांत लघवी कमी: कोकणात हे चित्र दिसलं की लेप्टोस्पायरोसिस असं धरूनच पुढे जायचं. याचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात. उंदराला काही होत नाही, तो लघवीवाटे ते महिनोन् महिने टाकत राहतो. गुरं आणि कुत्रीही टाकतात. कोरड्या, उन्हाने तापलेल्या जमिनीवर हे जंतू फार टिकत नाहीत, पण ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात आठवडे काढतात. मुसळधार पावसात उंदरांची बिळं भरतात आणि त्यांची सगळी घाण चोंढ्यात, म्हणजे सखल भातशेतात, उतरते. त्याच चोंढ्यात बायामाणसं दिवसाचे आठ-नऊ तास अनवाणी, वाकून उभी. पाय भिजून भिजून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. जंतूला आत जायला यापेक्षा मोठा दरवाजा कशाला हवा?

म्हणजे पाऊस, उंदीर, माती, चिखल्या आणि लावणीची घाई अशा पाच गोष्टी एका आठवड्यात एकत्र येतात. हवामानाचा हात फक्त पहिल्या गोष्टीवर आहे.

मुंबईत हेच शहरी वेषात घडलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लाखो लोक कमरेएवढ्या पाण्यातून तासन् तास चालत घरी गेले. बुडून, दरडीखाली आणि विजेच्या धक्क्याने जे गेले त्यांची बातमी लगेच झाली. लेप्टोचे वॉर्ड भरले ते ऑगस्टमध्ये, पाणी ओसरून रस्ते धुऊन झाल्यावर. हे मधले दिवस फार मोलाचे असतात. तेव्हापासून मुंबईत अतिवृष्टी झाली की, गुडघाभर पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घ्या, असं पालिका सांगते. कोकणातही लावणीच्या दिवसांत शेतात उतरणाऱ्यांना आशाताई आठवड्यातून एकदा या गोळ्या देतात. गोळी अगदी स्वस्त. अडचण वेगळीच: उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून बायका ती पदराला बांधून ठेवतात आणि संध्याकाळी फेकून देतात. जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका, एवढं सांगितलं की निम्म्या गोळ्या वाचतात. (गरोदर बायका आणि लहान मुलांना ही गोळी परस्पर देऊ नये, डॉक्टरांना विचारावं.)

दुसरी लाट दिवाळीच्या सुमाराची. इथे हिवताप, डेंग्यू आणि स्क्रब टायफस तिघं एकमेकांत मिसळलेले असतात. हिवतापाचं गणित मात्र इतकं स्वच्छ आहे की ते तुम्ही वर्गातल्या मुलांना फळ्यावर करून दाखवू शकाल.

डास चावला आणि लगेच हिवताप दिला असं होत नाही. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर परजीवी डासाच्या पोटात वाढतो, मग लाळग्रंथीत पोहोचतो आणि तिथून पुढे तो डास धोक्याचा. हे ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला दिसू लागलं २० ऑगस्ट १८९७ ला. या वाढीला किती दिवस लागतील ते तापमान ठरवतं. फाल्सिपेरम, म्हणजे मेंदूत जाणारा घातक हिवताप, त्याचं ढोबळ सूत्र असं: सरासरी तापमानातून १६ वजा करा आणि जे उरेल त्याने १११ ला भागा. २० अंशांना उत्तर येतं २८ दिवस, २४ अंशांना १४, आणि २८ अंशांना सव्वानऊ. आता डासाचं आयुष्य बघा. समजा रोज शंभरातले दहा मरतात. तर २८ दिवस तग धरणारे शंभरात पाच, चौदा दिवस तग धरणारे तेवीस आणि नऊ दिवसवाले एकोणचाळीस. तापमान आठ अंशांनी चढलं तर धोक्याचे डास जवळजवळ आठपट. डासांची संख्या एकाने वाढली नाही, तरीही.

पण म्हणून 'जितकं गरम तितका हिवताप' असं समजू नका. ही चूक वर्तमानपत्रं नेहमी करतात. हवा कोरडी झाली की डास लवकर मरतो, आणि चाळिशीच्या आसपास पारा गेला की परजीवीलाही ते मानवत नाही. मे महिन्यात विदर्भात माणसं उन्हाने हैराण असतात, पण डासांच्या आजारांना तो महिना जड जातो. त्यांचं फावतं ते ओलसर, पंचविशी-तिशीतल्या हवेत: आपल्याकडे ऑगस्ट ते नोव्हेंबर. त्यामुळे जग तापलं की काही ठिकाणी हे आजार वाढतील आणि काही ठिकाणी कमीसुद्धा होतील. खरा फरक पडतो तो पूर्वी थंडीमुळे सुरक्षित असलेल्या उंचीवर. काठमांडू समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटरवर आहे. तिथल्या जुन्या डॉक्टरांना डेंग्यू ठाऊक नव्हता. २०२२ मध्ये नेपाळात डेंग्यूचे ५० हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले बरेच काठमांडूच्या खोऱ्यातले होते. आपल्या कोकणात मात्र ऊब कधीच कमी नव्हती. तुमच्याकडे बदललं असेल तर ते पावसाचं वेळापत्रक. २०१९ मध्ये पाऊस देशातून मागे फिरायला लागला तोच मुळी ९ ऑक्टोबरला, आणि महिन्याच्या शेवटी क्यार वादळाने उभं भात आडवं केलं. पाऊस लांबला की डासांचा हंगाम लांबतो आणि कापणीही चिखलात होते, म्हणजे लेप्टोची दुसरी फेरी.

डेंग्यूबद्दल एक उलटी गोष्ट. लोक त्याला पावसाचा आजार म्हणतात. मी लातूर-उस्मानाबादकडे काही काळ होतो, तिथे तो दुष्काळाचाही आजार आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, त्यामुळे घरोघरी पिंपं, हौद, रांजण काठोकाठ भरलेले. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवसच लागतात. आम्ही दारात जाऊन सांगायचो, 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा.' एक आजी म्हणाल्या, "बाबा, पाणी वतून दिल्यावर पुडचं कवा येनार, ते बी सांगून जा." आमच्याकडे उत्तर नव्हतं. पाणीपुरवठ्याचा फेरा डासाच्या फेऱ्यापेक्षा लांब असला की कोरडा दिवस हा फक्त भिंतीवरचा मजकूर राहतो. तिथे झाकण, जुन्या साडीचं दुहेरी फडकं, हौदात गप्पी मासे, नाहीतर अबेट हे डासांच्या अळ्या मारणारं औषध, हेच चालतं. आणि पिंप रिकामं झाल्यावर आतून घासायलाच हवं. अंडी काठाला चिकटलेली असतात, कोरडी पडून कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात.

स्क्रब टायफसचं एवढंच सांगतो की पावसानंतर वाढलेल्या गवतातल्या बारीक कोळीवर्गीय किड्याच्या पिल्लांपासून तो होतो. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याने बरेच बळी घेतले तेव्हा कुठे आपल्याकडच्या डॉक्टरांना तो आठवायला लागला. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली सिगारेटचा चटका लागल्यासारखा काळा डाग शोधायचा. तो दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही आणि कपडे न काढता तपासणाऱ्या डॉक्टरला दिसत नाही. औषध तेच, डॉक्सिसायक्लिन.

आता तिसरी लाट, काजूची. तुमचं पत्र वाचताना मी थबकलो ते इथे.

१९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडायला लागली आणि पाठोपाठ गावातली माणसं तापाने पडली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या (एनआयव्ही) लोकांनी विषाणू शोधून काढला. गोचिडीतून पसरणारा. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असं त्याचं नाव पडलं, आपण त्याला माकडताप म्हणतो. कित्येक दशकं तो शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांत मुक्कामाला होता. मग २०१२-१३ मध्ये दक्षिणेला बंदीपूरला दिसला, नंतर वायनाडला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. तुमच्या उंबऱ्यातच म्हणा ना.

या आजाराचं कॅलेंडर लेप्टोच्या नेमकं उलटं आहे. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात हिंडते, अंडी घालते. पाऊस संपताना पिल्लं निघतात. ती मोठी होऊन मधल्या अवस्थेत येतात ती डिसेंबरनंतर, आणि माणसाला चावते ती प्रामुख्याने हीच, टाचणीच्या डोक्याएवढी, सहज न दिसणारी गोचीड. जानेवारी ते मे हा तिचा काळ. तुमच्याकडे बरोबर याच महिन्यांत बागेतला पाला ओढायचा, जमीन साफ करायची आणि बिया गोळा करायच्या. काजू गोळा करणारी बाई दिवसभर पाल्यात हात घालून बसलेली असते, तिथेच मूल झोपवते, तिथेच टेकून जेवते.

इथे हवामानापेक्षा जमिनीचा वापर बोलतो. दाट जंगलात गोचीड, खार, उंदीर आणि माकडं आपापला हिशेब चालवत असतात, त्यात माणूस नसतो. डोंगर उतारावर जंगल तोडून बाग लावली, बाग जंगलाला चिकटली, गुरं सकाळी जंगलात चरायला आणि संध्याकाळी गोठ्यात, की गोचिडीला वाहन मिळालं. गुरांना हा ताप होत नाही, ती फक्त ओझं वाहतात. माकड मरून पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि आसपासच्या पाल्यात पसरतात, म्हणून मेलेलं माकड सापडलेली जागा सगळ्यात घातक. पोरं काठीने उलटवून बघतात, ते आधी थांबवा. हात न लावता वनखातं आणि आरोग्य केंद्र दोघांना कळवायचं.

या तापाला नेमकं औषध नाही. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात, म्हणजे बाकीचे वाचतात, पण ते वेळेवर सलाईन मिळून आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवून. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या यात घात करतात. ताप उतरून आठ-दहा दिवस बरे गेल्यावर काहींना पुन्हा ताप येतो, मान आखडते, बरळायला होतं. पहिल्या तापानंतर माणूस बागेत परत गेला असेल तर या दुसऱ्या फेरीची कुणी जोडणीच लावत नाही.

हवामान साथीला दिशा देतं याचं माझं आवडतं उदाहरण मात्र उन्हापावसाचं नाही, थंडीचं आहे. माझी आजी साताऱ्याकडची. तिच्या लहानपणी गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, यायचा. घरात उंदीर पडायला लागले की चूल विझवून गाव माळावर जायचं, झोपड्या घालायच्या आणि उन्हं तापली की परत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या मार्चमध्ये, १० मार्च १८९७ ला, पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. मुंबईत दरवर्षी थंडीत प्लेग भडकायचा आणि मे-जूनपर्यंत खाली यायचा. का, ते सुरुवातीला कळत नव्हतं. १८९८ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदराच्या पिसवेवर बोट ठेवलं, तरी लोक हसले. मग परळच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी प्लेगच्या घरांत गिनीपिगचे पिंजरे टांगून पाहिलं. जमिनीपासून दोन इंचांवरचे प्राणी मरत, दोन फुटांवरचे वाचत. पिसवेची उडी तेवढीच! पुढे कळलं की जंतू वाढून पिसवेच्या घशात बोळा बसतो, तिला रक्त गिळता येत नाही, ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि दरवेळी जंतू ओकते. तापमान साधारण २७-२८ अंशांच्या वर गेलं की हा बोळा नीट टिकत नाही, शिवाय कोरड्या उन्हात पिसू लवकर मरते. आजीच्या गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण उंदीर पडले की जायचं आणि उन्हं तापली की यायचं, दोन्ही तारखा अचूक होत्या.

त्याच प्लेगचं शंभर वर्षांनंतरचं शेपूट बीड जिल्ह्यातल्या मामला गावात, ऑगस्ट १९९४ मध्ये. तिथे हवामान निमित्तालाही नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घाबरलेल्या लोकांनी घरं सोडली, धान्य आतच राहिलं, उंदीर माजले.

तुमचा तिसरा प्रश्न, मरतो कसा. ताप येणं आणि तापाने मरणं या दोन गोष्टींचे हिशेब वेगळे ठेवायला मी शिकलो तो पंजाबच्या एका जुन्या अहवालातून. १९०८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाबात हिवतापाने सुमारे ३ लाख माणसं गेली. हिवतापाचे अभ्यासक एस. आर. ख्रिस्तोफर्स यांनी मागच्या चाळीस वर्षांचे मृत्यूचे आकडे पावसाशी लावून पाहिले. जास्त पावसाच्या वर्षी ताप जास्त, हे अपेक्षितच. पण पाऊस तेवढाच असून काही वर्षी मृत्यू अफाट आणि काही वर्षी बेताचे. मग त्यांनी धान्याचे भाव शेजारी मांडले. आदल्या वर्षी पीक बुडालेलं, भाव चढलेले आणि त्यावर भरपूर पाऊस, अशा वर्षी माणसं माशांसारखी गेली होती. पुढे १९२० च्या दशकात सी. ए. गिल यांनी जुलै-ऑगस्टचा पाऊस, शाळेतल्या मुलांच्या वाढलेल्या पानथऱ्या (प्लीहा) आणि धान्याचे भाव एवढ्यावरून सप्टेंबरआधीच साथीचा अंदाज वर्तवायला सुरुवात केली. उपग्रह नाही, संगणक नाही, भाव विचारायला बाजारात जायचं! १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईच्या बंदरातून आत शिरला त्या वर्षीही पावसाने दगा दिला होता आणि ज्वारी-बाजरी परवडत नव्हती. देशभरात १ कोटी २० लाखांच्या वर माणसं गेली.

आज धान्याच्या भावाची जागा बऱ्याच अंशी वेळेने, म्हणजे उपचार किती लवकर मिळतात याने, घेतली आहे. गडचिरोलीतलं भामरागड वर्षानुवर्षं पर्लकोटा नदीच्या पुराने तुटायचं, म्हणून दिवस भरत आलेल्या गरोदर बायकांना पूर येण्याआधीच नदीच्या अलीकडच्या काठाला आणून ठेवावं लागे. त्याच पाण्याने हिवताप वाढायचा आणि त्याच पाण्याने रस्ता बंद व्हायचा. तुमच्या भागात पूर नसेल तर कामाचा तगादा असतो. माझ्याकडे आलेले एक पन्नाशीतले गृहस्थ मला अजून दिसतात. तापाचा दुसरा दिवस, डोळे लालबुंद. म्हणाले, "डॉक्टरांनू, साधो ताप आसा. दोन गोळये दिया, फाल्या लावणीक जावचा आसा." मी रक्त घेतलं, औषध सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी परत यायला सांगितलं. ते आले सहाव्या दिवशी, रिक्षात आडवे घालून. डोळे पिवळे, लघवी बंद, खोकताना रक्त. मधल्या दिवसांत त्यांनी लावणी पूर्ण केली होती. मोठ्या रुग्णालयात पाठवलं, वाटेतच गेले. गोळ्यांची पुडी शर्टाच्या खिशात निम्मी शिल्लक होती. त्यांच्या मरणाच्या दाखल्यावर लिहून आलं 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडून'. सगळ्यांचीच ती बंद पडते. त्या कागदात ना लेप्टो होता, ना पाऊस, ना शेत.

म्हणून हवामानाने किती मारले हे दाखल्यांवरून कधीच कळणार नाही. एकूण मृत्यू मोजावे लागतात. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर संशोधकांनी तेच केलं. नेहमीच्या मे महिन्यात जितके मृत्यू होतात त्यांच्यापेक्षा १,३४४ जास्त झाले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या नोंदीत उष्माघात हा शब्द नव्हता. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेची पूर्वसूचना देणारी योजना सुरू केली ती या आकड्यामुळे. आपल्या तालुक्यांत पाऊस एका कचेरीत मोजला जातो, मृत्यू ग्रामपंचायतीत नोंदले जातात आणि ताप आरोग्य केंद्रात. तिन्ही रजिस्टरं एका टेबलावर येतात ती फक्त बोंब झाल्यावर.

तर, तुमच्याकडचं हे हवामानबदलामुळे का? पहिल्या दोन लाटांत त्याचा हात असू शकतो: कमी वेळात कोसळणारा पाऊस आणि लांबलेला पावसाळा यांमुळे. तिसऱ्या लाटेत मी आधी बाग आणि जंगलाची हद्द बघेन. अस्वच्छतेचं म्हणाल तर तो शब्द मला आवडत नाही. चोंढ्यात चिखल असणारच, काजूखाली पाला असणारच. गमबूट लावणीत रुततात हे मला माहीत आहे, ते घाला असं सांगणारे बहुतेक कधी चिखलात उतरलेले नसतात. त्यापेक्षा रात्री पाय धुऊन, कोरडे करून चिखल्यांना औषध लावणं, डॉक्सीची गोळी जेवल्यावर घेणं, आणि बागेत जाताना हातापायाला गोचीड पळवणारं तेल लावून लांब बाह्यांचे कपडे घालणं जमण्यासारखं आहे. ते तेल तुमच्या आरोग्य केंद्रात मागा. बागेतून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ, आणि मुलांच्या कानामागे, मानेवर केसांत बघायचं.

आता तुम्ही माझं एक काम करा. गेलेल्या दोघांच्या घरी जा. तेराव्यानंतर इतके दिवस झालेत, विचारलं तर सांगतील. अंग पहिल्यांदा तापलं ती तारीख विचारा. तारीख आठवत नसेल तर त्या दिवशी कुठला सण, कुणाचं लग्न, कुठला बाजार होता ते विचारा, त्यावरून निघते. मग त्याआधीच्या तीन आठवड्यांत ते कुठे कामाला जात होते: शेतात, बागेत, की जंगलात लाकडाला. आसपास माकड मेलेलं कुणी पाहिलं होतं का. आणि तालुक्यातून त्या महिन्याचा रोजचा पाऊस मिळवा, तो मिळतो. एवढं एका कागदावर लिहून आधी तुमच्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या, आणि एक प्रत मला पाठवा.